देवासच्या बादल्यांची आठ टक्के घसरण

"फणसे बाबू, आपने तो हमारी आँखें खोल दीं," सेठजी म्हणाले आणि माझा टाइप केलेला रिपोर्ट त्यांनी गादीवर अलगद ठेवला. "हमें क्या मालूम था, मिस्त्री से अब काम नहीं होता. आखातीज से छुट्टी."

बाहेर अंगणात मिस्त्री बादलीचं बूड ठोकत होते. ठोक्याला ठोका अगदी बरोबर पडत होता. रिपोर्ट माझा, सही माझी, आणि त्या रिपोर्टात मिस्त्रींचं नावसुद्धा नव्हतं. तरी आखातीजेपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, घरी बसायचं होतं ते मिस्त्रींनी. मी चहा अर्धा टाकून उठलो.

हे कसं घडलं ते नीट सांगतो. संस्थानं विलीन होऊन सहा-सात वर्षं झाली होती. मी मूळचा धारचा. इंदूरला सरकारी आकडेवारीच्या कचेरीत इन्व्हेस्टिगेटर होतो, टेम्पररी. इन्व्हेस्टिगेटर म्हटलं की लोकांना पिस्तूल आठवतं. आमच्याकडे निळी पेन्सिल असे. गावोगावच्या कारखान्यांत जायचं, फॉर्म भरायचे, ते तपासायचे आणि चुकीचं दिसेल ते निळ्या पेन्सिलीने खोडायचं. माझी पेन्सिल कचेरीत नावाजलेली होती. "फणशांच्या नजरेतून डुप्लिकेट सुटत नाही," असं आमचे सुपरिंटेंडेंट ठोसरसाहेब चारचौघांत म्हणत, आणि मी मान खाली घालून ते ऐकून घेई.

त्या साली विलायतेहून एक प्रोफेसर आले. विल्बर त्यांचं नाव. उंच, सडसडीत, टोपीखाली कायम लाल झालेले. निरनिराळ्या देशांतले छोटे उद्योग घ्यायचे आणि कुठल्या उद्योगात माणूस तासाला किती माल काढतो ते मोजायचं, असं त्यांचं संशोधन होतं. याला प्रॉडक्टिव्हिटी म्हणतात. घरातलं उदाहरण देतो. माझी बायको तासाला तीस पोळ्या करते आणि तिची जाऊ चोवीस, तर बायकोची प्रॉडक्टिव्हिटी जास्त. (हे उदाहरण मी घरी एकदाच दिलं.) आता तीच बायको, तोच तवा, तेवढाच वेळ, आणि पोळ्या मात्र पुढच्या वर्षी कमी झाल्या, तर त्या कमी का झाल्या? माणसं, यंत्रं, तास हे सगळं मोजून झाल्यावर जो फरक उरतो आणि ज्याचं कारण सापडत नाही, त्याला प्रोफेसर 'रेसिड्युअल' म्हणत. म्हणजे उरलंसुरलं. त्यांच्या मते सगळी गंमत त्या उरल्यासुरल्यातच होती. देश पुढे जातात ते त्याच्या जोरावर.

मला देवासचा बादल्यांचा कारखाना मिळाला. देवासला पूर्वी एकाच गावात दोन राजे होते, थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे. कारखान्याची कचेरी थोरल्या पातीच्या हद्दीत होती आणि अंगण धाकटीच्या. गणपत मिस्त्रींचे आजोबा थोरल्या पातीच्या तोफखान्यात लोहार होते. तोफा गेल्या, राजे गेले, आणि मिस्त्री सेठजींकडे बादल्या करू लागले. साठीचे, बुटके, कानावर पेन्सिल. बोलायचे मराठीच, पण मधे माळव्याचं पाणी मिसळलेलं; भाऊ म्हणायचं तिथे भिया म्हणायचे.

पहिल्या दिवशी मी फॉर्म उघडून बसलो. गेल्या दोन पुऱ्या वर्षांचा माल आणि तास हवे होते. कारखान्याचं वर्ष दिवाळी ते दिवाळी. मजुरी हाटाच्या दिवशी, आठवड्याची, त्यामुळे महिन्यांशी तिथे कोणाला फारसं देणंघेणं नव्हतं. वर्षाला एकूण बादल्या किती ते मिस्त्रींनी भिंतीवरच्या खडूच्या रेघांवरून आणि आपल्या वहीवरून सांगितलं. तास काढायला मी मुनीमजींची हजेरीची चोपडी घेतली. दर महिन्याला एक पान. पहिल्या वर्षाच्या चोपडीत वैशाखाची दोन पानं निघाली. तीच नावं, तशाच हजेऱ्यांच्या रेघा. मुनीमजी सासुरवाडीला गेले होते, विचारणार कोणाला? मुनीमजींनी आधी कच्चं लिहून मग पक्कं केलं असणार, हे मी तेव्हाच ओळखलं आणि निळ्या पेन्सिलीने एक वैशाख उभाच्या उभा खोडला. मनात म्हटलं, फणशांच्या नजरेतून सुटत नाही.

मिस्त्री शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "पण भिया, त्या सालात..."

"मिस्त्री," मी म्हणालो, "विचारलं तेवढंच सांगा. फॉर्मात जागा नाही."

मिस्त्री बादलीचा कान ठोकायला निघून गेले. बादलीला दोन बाजूंना जे दोन जाड तुकडे असतात, ज्यांत कडी अडकवतात, त्यांना कान म्हणतात.

हिशेब झाला. पहिल्या वर्षाच्या मानाने दुसऱ्या वर्षी तासाला निघणारा माल जवळजवळ आठ टक्क्यांनी घसरला होता. माणसं तीच, यंत्रं तीच. प्रोफेसर खूश झाले. इतकं स्वच्छ, इतकं मोठं रेसिड्युअल त्यांना हिंदुस्थानात अजून मिळालं नव्हतं. त्यांनी इंदूरच्या कचेरीत फळ्यावर 'देवास' असं लिहून त्याभोवती गोल काढला. ठोसरसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "फणसे, हे काम छापून येणार. तुमच्या परमनंटचा कागद मी आजच वर पाठवतो."

त्याच सुमाराला सेठजींचा पुतण्या नवनीत कानपूरहून काहीतरी ट्रेनिंग घेऊन परतला होता. त्याला स्वतःचा दोस्त फोरमन म्हणून आणायचा होता. रिपोर्टाची नक्कल सेठजींकडे गेली ती त्याने वाचली आणि उरलंसुरलं म्हणजे कोण ते काकांना समजावून सांगितलं. "काकाजी, आदमी वही, मशीन वही, टाइम वही. तो फिर बिगड़ा कौन?" सेठजींनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर मिस्त्री होते.

त्या दिवशी सेठजींकडचा चहा अर्धा टाकून निघताना मी मिस्त्रींपाशी थांबलो. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही.

"दोन राजे पाहिले, एक सेठ पाहिला," ते बादलीला सांगावं तसं म्हणाले. "कोणी म्हटलं नाही की गणपत कामचोर आहे. ते लिहून आणलं आपल्याच माणसाने."

मला फार लागलं ते. पण आकडा आकडाच असतो, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि इंदूरची मोटर पकडली.

त्यानंतर पाडवा आला. पाडव्याला मी सासुरवाडीला धारला होतो. जेवणाआधी माझे सासरे, त्यांना सगळे तात्या म्हणत, नवं पंचांग वाचायला बसले. कडुनिंब खाऊन तोंड कडू झालेलं, आत श्रीखंड वाट पाहतंय, आणि तात्या मात्र पाऊस किती आढक आणि मेघ कुठल्या जातीचा ते सावकाश सांगतायत. मी पाटावर चुळबुळत होतो.

"यंदा भाद्रपद अधिक आहे," तात्या म्हणाले.

"अगबाई, पुन्हा धोंड्याचा महिना?" सासूबाई आतून म्हणाल्या. "म्हणजे पुन्हा अनारशांचे तांदूळ भिजवायचे. मागचा वैशाखात आला होता, त्याला आत्ता कुठे दोन वर्षं होतायत. उन्हाने पीठ काय आंबलं होतं त्या वेळी."

"आणि तेहतीसपैकी एकोणतीस यांनी एकट्यांनी खाल्ले," माझी बायको म्हणाली. "जावयाचं वाण म्हणून. मला चार."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपलं चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी कमी भरतं. ती तूट साठत जाते आणि दर अडीच-तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा घालून भरून काढतात. तो अधिक महिना. ज्या महिन्याला तो जोडतात, तो महिना त्या साली दोनदा येतो, एक अधिक आणि एक निज. मराठी घरांत या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे देतात. एकोणतीस अनारसे पोटात घालणाऱ्या माणसाला त्या साली वैशाख दोन होते हे सांगावं लागू नये. पण मी घरातून कचेरीत जाताना अधिक महिना घरीच ठेवून जात असलो पाहिजे.

"तात्या," मी म्हणालो, "दोन-तीन वर्षांपूर्वीची पंचांगं आहेत?"

"आहेत की. पंचांग कोणी टाकतं का?"

श्रीखंड तसंच राहिलं. मी लक्ष्मीपूजन ते लक्ष्मीपूजन दिवस मोजले. पहिलं वर्ष तीनशे चौऱ्याऐंशी दिवसांचं. दुसरं तीनशे चोपन्न. पुन्हा मोजले. बादल्या मी तेरा महिन्यांच्या धरल्या होत्या आणि तास बारा महिन्यांचे. एका अख्ख्या कारखान्याची तीस दिवसांची मेहनत मी निळ्या पेन्सिलीने पुसून टाकली होती. दिवस बरोबर धरले की घसरण साफ नाहीशी होत होती. मिस्त्री एका बादलीनेही मागे पडले नव्हते.

मी पंचांग मिटलं. बायको ताट घेऊन आली.

"काय झालं?"

मी सांगितलं.

"मग सांगून टाका साहेबांना."

"माझा परमनंटचा कागद वर गेलाय गं."

"कशात परमनंट व्हायचंय? चुकीत?" ती म्हणाली आणि ताट ठेवून गेली. लग्नाला तिसरं वर्ष होतं, पण तिचा हात बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठोसरसाहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग दार लावलं.

"म्हणजे विलायतेच्या प्रोफेसरला मी असं सांगू की आमच्या कचेरीने एक महिना हरवला?"

"हरवला नाही साहेब. खोडला."

"ते जास्त वाईट आहे. मुळात हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही? हिंदू माणूस तुम्ही."

"साहेब, रिपोर्टावर तुमचीही सही आहे. आणि जावई तुम्हीही आहात."

ठोसरसाहेब खिडकीकडे वळले. म्हणाले, "तेहतीस. शिवाय चांदीची वाटी." मग फाइल ओढून त्यांनी परमनंटच्या कागदाची नक्कल काढली आणि माझ्यादेखत खणात ठेवली. "हा कागद मी परत मागवतो. चला आता प्रोफेसरकडे."

प्रोफेसर म्हणाले, मला देवासला जाऊन चोपडी बघायची आहे. त्यांना माझ्या पंचांगावर विश्वास बसेना. त्यांना सवड मिळाली तेव्हा आखातीजेला चार दिवस उरले होते. सेठजींच्या गादीवर आम्ही सगळे बसलो. प्रोफेसरांना मांडी घालता येईना म्हणून ते उलट्या बादलीवर बसले. ठोसरसाहेब मधे बसून इंग्रजीचं हिंदी आणि हिंदीचं इंग्रजी करत होते. नवनीत एका बाजूला, मिस्त्री दारात उभे.

"हा तेरावा महिना कोणत्या सरकारने मंजूर केला?" प्रोफेसरांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"सरकारने नाही," ठोसरसाहेब म्हणाले. "चंद्राने."

"एका वर्षात दोन वैशाख कसे असतील?"

हे भाषांतर होऊन मिस्त्रींपर्यंत पोचलं तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. "साहेबाला म्हणा, या गावात दोन राजे चालले. वर्षात दोन वैशाख का नाही चालणार?" मग त्यांनी आत येऊन दोन बादल्या मांडल्या, एक मोठी आणि एक जराशी लहान. "ही सूर्याची, ही चंद्राची. दोन्ही एकदम भरा. लहानी दरसाल थोडी कमी पडणार. तिसऱ्या साली एक लोटा वरून टाका. बराबर. तो लोटा म्हणजे धोंडा. इत्ती सी बात है."

प्रोफेसर बादलीवरून उठून त्या दोन बादल्यांपाशी उकिडवे बसले. त्यांनी लोटा मागवला, पाणी मागवलं आणि स्वतः भरून बघितलं. मुनीमजी आता परतले होते. त्यांनी चोपडी उघडून दाखवली. एका पानावर 'वैशाख पहला', दुसऱ्यावर 'वैशाख दूजा', कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं. त्या 'दूजा'वरून माझी निळी रेघ गेली होती. ती पुसताही येत नव्हती. प्रोफेसरांनी रेघ पाहिली, मला पाहिलं आणि वहीत नवीन आकडे मांडले. शेवटी वही मिटून म्हणाले, "घसरण शून्य." त्यांचा चेहरा उतरला होता. इतकं सुंदर रेसिड्युअल डोळ्यांदेखत गेलं की माणसाला वाईट वाटणारच.

"जीरो?" सेठजींनी विचारलं.

"जीरो," मी म्हणालो. "गलती मेरी थी, सेठजी. मिस्त्री का काम रत्ती भर कम नहीं हुआ."

नवनीत काहीतरी बोलणार होता. सेठजींनी हात वर केला. "भिया, तू चुप रे. मिस्त्रीजी, आखातीज पे नई भट्टी का पूजन आप ही करोगे."

मिस्त्रींनी मान हलवली, दोन्ही बादल्या उचलल्या आणि पाणी बाहेरच्या कडुनिंबाला घातलं. माझ्याशी तेव्हाही बोलले नाहीत.

भाद्रपदात धोंड्याचा महिना आला. सासूबाईंचे तेहतीस अनारसे आले. या वेळी मी ते मोजून घेतले आणि त्यातले अकरा डब्यात घालून देवासला गेलो. मिस्त्री अंगणात होते. मी शेजारी बसलो, डबा उघडला आणि म्हणालो, "मिस्त्री, माफ करा. तुम्ही त्याच दिवशी सांगत होतात, 'त्या सालात...' म्हणून. मी बोलू दिलं नाही. तेव्हाच ऐकलं असतं तर दोन वैशाखांचा घोळ झालाच नसता."

मिस्त्रींनी अनारशाचा तुकडा मोडला. "कुठले दोन वैशाख? ते तर सगळ्या गावाला ठाऊक होते. ते तुम्हाला काय सांगायचं? मी दुसऱ्या सालाचं सांगत होतो."

"दुसऱ्या सालाचं काय?"

"त्या सालात एकवीस दिवस पत्रा आला नव्हता. परमिटवर साहेबाची सही अटकली होती. हजेरी लागत होती, पण बादली बनवायची कशाची? मग मी म्हटलं, पत्रा नाही तर कतरन आहे. बसा रे सगळे आणि कान ठोका. एकवीस दिवसांत पुढच्या चार महिन्यांचे कान तयार करून ठेवले. मग पत्रा आल्यावर गाडी अशी धावली भिया, की दिवाळीपर्यंत सगळं भरून काढलं."

मी तिथेच खिशातून कागद काढला. एकवीस दिवस वजा केले. तेवढ्या कमी दिवसांत माल पुरा निघाला होता. म्हणजे घसरण आठ नाही, शून्यही नाही. उलट सहा टक्क्यांच्या आसपास वाढ होती. माणसं तीच, यंत्रं तीच. प्रोफेसर जगभर जे उरलंसुरलं शोधत हिंडत होते, ते माझ्यासमोर बसून अनारसा खात होतं. मला एकदम भरून आलं आणि हसूही आलं.

ठोसरसाहेबांना मी हे कळवलं. ते म्हणाले, "फणसे, तुम्हाला या जन्मी परमनंट व्हायचंय की नाही?" तरीही त्यांनी पत्र लिहिलं, प्रोफेसरांच्या विलायतेच्या पत्त्यावर. मी परमनंट झालो, पण दीड वर्ष उशिरा. पुढच्या पाहणीचे फॉर्म विलायतेहून छापून आले तेव्हा त्यांत दोन गोष्टी नव्या होत्या. एक, 'आपल्या वर्षाचे दिवस किती?' दुसरी, अगदी तळाशी, चार कोऱ्या ओळी आणि वर फक्त एवढंच: 'सांगणाऱ्याला आणखी काय सांगायचं होतं?'

त्या चार ओळी मी नोकरीभर आधी भरत आलो. निळी पेन्सिल अजून आहे. नातवाला चित्रं रंगवायला दिली आहे.